नळीची वाट बघू की गाल देऊ?

प्रश्न: सिस्टर, नमस्कार. बाईमाणसाला हे कसं लिहायचं म्हणून पत्र तीनदा फाडलं. वय 32, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरी. आठ वर्षांपूर्वी गणपतीचा मंडप बांधताना घसरलो आणि आडव्या पाइपवर दोन्हीकडे पाय पडून आदळलो. लघवीतून रक्त आलं, आठवडाभर कॅथेटर होता, मग सगळं ठीक झालं. दोन वर्षांनी धार बारीक व्हायला लागली. तपासणीत स्ट्रिक्चर निघालं, म्हणजे मूत्रमार्ग आत आवळला गेलाय. दुर्बिणीतून कापून तीनदा मोकळं केलं. दर वेळी सहा-आठ महिने बरे जातात, की पुन्हा तेच. आता दर दीड महिन्याने सळई घालून रुंद करून घेतो. कंपनीच्या बाथरूममध्ये दहा मिनिटं लागतात, पोरं चेष्टा करतात. डॉक्टर म्हणतात, गालाच्या आतलं अस्तर काढून तिथे लावू. तेवढ्यात मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की परदेशात प्रयोगशाळेत मूत्रनलिका वाढवतात. एका क्लिनिकमध्ये चौकशी केली तर ते म्हणाले, स्टेम सेलने (मूळ पेशींनी) तेच साडेतीन लाखांत करून देतो, कापाकापी नाही. मग थांबू का? की क्लिनिकला हो म्हणू? आणि घरात माझ्या लग्नाचं बघताहेत, मुलीकडच्यांना हे सांगायचं का? नाव छापू नका.

उत्तर:

नाव छापत नाही. पण तीन कागद उगीच फाडलेस. मी 31 वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, त्यातली निम्मी युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या टेबलापाशी. ज्या अवयवाचं नाव लिहायला तुझा हात अडखळला, त्याला रोज सकाळी बीटाडीन लावणं हे माझं कामच होतं. वयानेही तुझ्या आईएवढी असेन, म्हणून अरे-तुरे करते.

आधी सरळ उत्तर. प्रयोगशाळेतल्या नळीसाठी थांबू नकोस. त्या क्लिनिकला एक रुपयाही देऊ नकोस. आणि ती दर दीड महिन्याची सळई थांबायला हवी. पत्रात तू तिचा उल्लेख जाता जाता केलास, मला मात्र तीच सगळ्यात जास्त खटकली.

पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण 18 ते 20 सेंटीमीटर लांब असतो. तुझ्या वर्णनावरून मार बसला तो बल्बर भागाला, म्हणजे सायकलच्या सीटवर जिथे वजन येतं तिथे. खालून पाइप, वरून ओटीपोटाखालचं हाड, आणि मधल्या मध्ये नळी चिरडली. नळी म्हटलं की आपल्याला नळकाम करणाऱ्याचा पाइप आठवतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. आतून पातळ, ओलसर अस्तर आणि त्याच्याभोवती रक्ताने भरलेला स्पंजासारखा थर, अशी ही रचना आहे. तुझा आजार अस्तरापेक्षा त्या स्पंजात जास्त आहे. मार बसला, स्पंजात व्रण धरला, व्रण आवळत गेला आणि आतली वाट बारीक झाली. दुर्बिणीतून कापतात तेव्हा व्रणाला चीर पडते आणि धार सुटते. मग ती चीर भरून येते, तीही व्रणानेच. सळईचंही तेच. ताणलं, किंचित फाटलं, फाटलेलं पुन्हा व्रणाने सांधलं गेलं. अशा प्रत्येक खेपेला व्रण थोडा लांबतो, थोडा घट्ट होतो.

हे मी मनाचं सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी 1998 साली याच प्रश्नावर अभ्यास छापला होता. पहिल्यांदा कापल्याचा किंवा रुंद केल्याचा काहींना कायमचा उपयोग होतो, दुसऱ्यांदा फार थोड्यांना, आणि तिसऱ्यांदा केल्याने रोग बरा होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. तुझं तिसरं कधीच होऊन गेलंय. दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अर्धवट सांगितल्यासारखं होईल. ब्रिटनमध्ये तुझ्यासारख्याच, पुन्हा पुन्हा बल्बर स्ट्रिक्चर होणाऱ्या 222 पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2020 साली आले. दोन वर्षांच्या हिशेबात लघवीचा त्रास दोन्ही गटांत सारखाच कमी झाला, दुर्बिणीतून कापलेल्यांचाही आणि बाहेरून चीर देऊन उघडं ऑपरेशन केलेल्यांचाही. फरक पडला तो पुन्हा टेबलावर यायच्या बाबतीत. उघड्या ऑपरेशनवाल्यांवर ती पाळी जवळपास निम्म्याने कमी आली. एखादे 75 वर्षांचे आजोबा म्हणाले, मला मोठं ऑपरेशन नको, वर्षातून एकदा दुर्बीण चालेल, तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. तू 32 चा आहेस. दर दीड महिन्याचा हिशेब साठीपर्यंत मांडून बघ.

आता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नळीबद्दल. बातमी खोटी नाही, म्हणूनच ती धोक्याची आहे. मेक्सिको सिटीत 2004 ते 2007 या काळात पाच मुलांमध्ये अशा नळ्या बसवल्या गेल्या. अमेरिकेतले डॉ. अँथनी अटाला यांचा गट त्या कामात होता आणि 2011 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. प्रत्येक मुलाच्या मूत्राशयाचा छोटासा तुकडा घेतला, त्यातल्या स्नायूंच्या आणि अस्तराच्या पेशी वेगळ्या करून वाढवल्या आणि विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर त्या चढवल्या. बाहेरून स्नायू, आतून अस्तर. ती जाळी कशाची, ते वाचून मला गंमत वाटली. आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये विरघळणाऱ्या टाक्यांचे धागे वापरायचो ना, त्याच जातकुळीची. सहा वर्षांपर्यंत मुलांवर लक्ष ठेवलं, धार चांगली राहिली. लघवीचा कमाल वेग सेकंदाला 27 मिलिलिटरच्या आसपास. निरोगी तरुणाचा 15 च्या वर असला तरी आम्ही खूश असतो.

मग इतक्या वर्षांत ही नळी गावोगाव का पोचली नाही? एक तर ती पाच मुलं होती. पाचांवर जमलं आणि पाच हजारांवर जमलं यात किती अंतर असतं ते ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहिलेल्या माणसाला विचार. दुसरं कारण मोठं आहे, आणि ते समजायला आपल्या भाषेत एक छान शब्द आहे, कलम. फांदी कितीही जोमदार असो, ज्या खोडावर ती बांधायची त्यात रस वाहता हवा. शरीरात लावलेला अस्तराचा तुकडा पहिले दोन दिवस खालच्या मांसातून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरतो. तोवर खालच्या रक्तवाहिन्या त्याच्यात शिरायला लागतात. त्या शिरल्या तर कलम धरलं, नाहीतर ते काळं पडून गळतं किंवा आक्रसतं. तुझ्या नळीत नेमकी ती खालची जमीनच व्रणाने राठ झालेली आहे. तिथे प्रयोगशाळेतला तुकडा असो की गालातला, त्याला रक्त मिळालं पाहिजे, आणि प्रयोगशाळेत पेशी वाढवता येतात तितक्या सहज रक्तवाहिन्या वाढवता येत नाहीत. सशांवरच्या एका प्रयोगात पेशी न लावलेल्या रिकाम्या जाळीच्या नळ्या बसवून पाहिल्या होत्या. दोन्ही टोकांकडून अस्तर सरकत येऊन नीट भरलं ते जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत. त्यापुढच्या लांबीत व्रण.

इंग्लंडमध्ये शेफील्डच्या डॉक्टरांनी वेगळी वाट धरली. रुग्णाच्याच तोंडातल्या पेशी माणसाच्या स्वच्छ केलेल्या त्वचेवर वाढवून तो तुकडा पाच रुग्णांना लावला. 2008 साली त्यांनी प्रामाणिकपणे छापलं की पाचांपैकी दोघांमध्ये तो आक्रसला आणि एकाचा थोडा, एकाचा पूर्ण काढावा लागला. असं लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. जर्मनीत तर 'म्युकोसेल' नावाने तोंडाच्या अस्तराचा वाढवलेला तुकडा वापरात आला. नखाएवढा तुकडा तोंडातून घ्यायचा, कारखान्यात साधारण तीन आठवडे वाढवायचा, आणि मग सर्जनकडे परत. तिथल्या 99 पुरुषांच्या अभ्यासात वर्षाने 67 टक्के आणि दोन वर्षांनी 58 टक्के जणांची वाट मोकळी राहिली होती. त्यातले बरेच जण आधी कापून-ताणून थकलेले होते हे खरं, त्यामुळे तुलना जपून करायची. तरी सांगते, अनुभवी हातांनी बल्बर भागात लावलेल्या साध्या गालाच्या तुकड्याचं यश त्याच मुदतीत साधारण 85 टक्क्यांच्या आसपास असतं.

आणि मावसभावाने पाठवलेल्या मजकुरात जे लिहिलेलं नसतं ते आता ऐक. हा जर्मन तुकडा असो की शेफील्डचा, लावायचा असतो तो ऑपरेशन करूनच. तीच भूल, वृषणांच्या मागे तीच चीर, तेच टाके, तोच कॅथेटर. वाचते ती फक्त गालातली जखम. गालातली जखम हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. एवढ्यासाठी तू वर्षानुवर्षं थांबणार?

मोठ्या कापाकापीशिवाय काहीच झालेलं नाही असंही नाही. आपल्याकडे 2018 साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुर्बिणीतून स्ट्रिक्चर कापायचं आणि गालाच्या वाढवलेल्या पेशी जेलमध्ये मिसळून त्या जागी सोडायच्या. सहा रुग्ण होते. सहा महिन्यांनी सगळे ठीक, पण पुढे दोघांना स्ट्रिक्चर परत आलं. त्या क्लिनिकने अशाच कुठल्या तरी कामाचं बोट धरून जाहिरात केलेली असावी. एक गोष्ट लक्षात घे. मेक्सिकोत पेशी मूत्राशयाच्या होत्या, बाकी सगळीकडे तोंडाच्या. जाहिरातीत चमकतात तसल्या स्टेम सेल यातल्या एकाही कामात नव्हत्या. पोटाची चरबी किंवा कमरेच्या हाडातून मॅरो (अस्थिमज्जा) काढून 'स्टेम सेल' म्हणून टोचणार असतील तर त्याचा या संशोधनाशी काडीचा संबंध नाही.

भारतातला नियम तसा साधा आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त रीतसर चाचणीतच करायचा. चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असायलाच हवी, आणि ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येते. नैतिकता समितीची मंजुरी लागते, तुला कळेल अशा भाषेत संमतीपत्र लागतं, इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांच्याकडे. आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. तेव्हा त्यांना फोन कर आणि एकच विचार, "तुमचा सीटीआरआय नंबर काय?" नंबर दिला तर साडेतीन लाख कसले ते विचार. नाही दिला तर फोन ठेव.

आता तू काय करायचंस. सळई थांबव म्हणाले, पण आपल्या मनाने नाही, युरॉलॉजिस्टशी बोलून. मोठ्या ऑपरेशनआधी नळीला 4 ते 12 आठवडे विश्रांती देतात, आत काहीही घालत नाहीत. ताणलेली नळी एक्स-रेमध्ये फसवते. व्रण खरा किती लांब आहे ते तो आवळून स्थिरावल्यावरच दिसतं. त्या काळात लघवी अडली तर पोटातून, बेंबीखाली, तात्पुरती नळी घालतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण कपड्याखाली कुणाला कळतही नाही. थंडी वाजून ताप आला, वृषणांमागे सूज आली किंवा लघवी पूर्ण बंद झाली, तर मात्र सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जायचं.

विश्रांतीनंतर युरोफ्लो, म्हणजे यंत्रात लघवी करून काढतात तो आलेख, आणि खालून-वरून औषध भरून काढतात ते एक्स-रे, आरजीयू आणि एमसीयू. त्यावरून डॉक्टरांना विचार, "किती सेंटीमीटर?" सगळा निर्णय या एका आकड्यावर आहे. मार लागून झालेलं बल्बर स्ट्रिक्चर पुष्कळदा आखूड असतं. दोन सेंटीमीटरच्या आत निघालं तर व्रणाचा भाग काढून दोन टोकं सरळ जोडता येतात, आणि त्याचं यश 90 टक्क्यांच्या वर असतं. म्हणजे प्रयोगशाळेची नळी राहो, कदाचित तुझा गालसुद्धा लागणार नाही. तीनदा कापून आणि इतक्यांदा ताणून ते लांबलं असेल तर मग गाल.

गालच का? कारण तो सदा ओला, केस नसलेला, जाड अस्तराचा आणि खालून रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला. लंडनमध्ये हम्बी नावाच्या सर्जनने 1941 सालीच हे करून पाहिलं होतं, पण मग पन्नास वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मधल्या काळात वृषणाच्या पिशवीची कातडीही वापरायचे. मी नवी असताना अशाच एका जुन्या रुग्णाला दुर्बिणीने बघितलं, तर नळीत केसांचा पुंजका आणि त्यावर खडे जमलेले. त्या दिवशी डबा उघडला नाही मी. इटलीच्या बार्बाग्ली यांनी 1996 मध्ये तुकडा नळीच्या वरच्या बाजूने लावायची पद्धत मांडली. वरची बाजू का, तर तिथे घट्ट आधार असतो आणि कलम हलत नाही. आणि अख्खी नळी खराब झालेल्यांसाठी एकाच बाजूने सोडवून तुकडा लावायची पद्धत पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींची, ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. ज्या ऑपरेशनला तू मागासलेलं समजतोयस ते शिकायला परदेशातून सर्जन आपल्याकडे येतात.

दुसरं मत हवं असेल तर फार लांब जायला नको. नडियादचं मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल बडोद्याहून अहमदाबादच्या गाडीत बसलास की वाटेतच आहे. कुठेही जा, पण सर्जनला विचार, "अशी युरेथ्रोप्लास्टी (मूत्रमार्गाची दुरुस्ती) तुम्ही वर्षाला किती करता?" या प्रश्नाचा चांगल्या सर्जनला राग येत नाही. घरात सरकारी आरोग्य योजनेचं पीएमजेएवाय-मा कार्ड असेल तर या ऑपरेशनचं पॅकेज त्यात बसतं का, ते त्या हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी विचारून घे.

एक खासगी प्रश्न. तंबाखू-सुपारीचा मावा खातोस का? बडोद्यात आणि जीआयडीसीत हे विचारावंच लागतं. आरशासमोर तोंड उघड आणि तुझीच तीन बोटं उभी आत जातात का बघ. एका रुग्णाची दोनसुद्धा जात नव्हती, गाल आतून पांढरा, चिवट, चामड्यासारखा. भूलतज्ज्ञाचे हाल झाले ते वेगळेच. अशा गालाचं कलम कमजोर निघतं, मग जिभेखालून अस्तर घ्यावं लागतं. खात असशील तर आजपासून बंद, ऑपरेशनच्या आठवड्यापासून नव्हे. आणि प्रयोगशाळेत वाढवायच्या पेशीही याच तोंडातून घेतात हे विसरू नकोस.

ऑपरेशननंतर कॅथेटर साधारण तीन आठवडे. तोंड पहिला आठवडा दुखतं, गार पेज, दही, ताक. आपली सेव उसळ महिनाभर दुरूनच बघायची. गाल काही महिने ओढल्यासारखा वाटतो. लघवी झाल्यावर दोन-चार थेंब मागाहून येतात, ते बऱ्याच जणांना राहतं. मागून बोटाने हलकं दाबून नळी रिकामी करायची सवय लावली की पॅन्ट ओली होत नाही. लैंगिक ताकदीवर काहींना तात्पुरता परिणाम जाणवतो, बहुतेकांचा तो सहा महिन्यांत ओसरतो. शुक्राणू अंडकोषात तयार होतात, आणि ही वाट मोकळी झाली की वीर्य उलट नीट बाहेर पडतं, तेव्हा मूल होण्याची धास्ती या ऑपरेशनमुळे घेऊ नकोस.

राहिली मुलगी. सांगायचं. पहिल्या चहा-पोह्यांना नको, पण होकार कळवायच्या आधी, आणि तू स्वतः तिला. "पडलो होतो, लघवीची वाट बारीक झाली, ऑपरेशन करून घेतोय," एवढी तीन वाक्यं पुरे. मध्यस्थ काकूंवर सोपवू नकोस. ती बातमी सुरसागर तलावाला वळसा घालून तुमच्या गल्लीत परत येईपर्यंत तुझ्या दोन्ही किडन्या गेलेल्या असतील. आणि क्रम विचारशील तर आधी ऑपरेशन. कॅथेटर निघून तीन महिन्यांनी युरोफ्लो कर, तो कागद बघूनच आईला मुहूर्त काढायला सांग.